पितळी पिंपातली पालेभाजी

आमच्या घरी लेक बाळंतपणाला यायची असली की सगळ्यात आधी पितळेच्या भांड्यांना कल्हई होते. डोहाळजेवण, डिंकाचे लाडू, दुपटी हे सगळं मागाहून. ही रीत माझ्या सासूबाईंची. त्या मालवणकडच्या. आयुष्य सगळं करी रोडच्या चाळीत गेलं, पण तोंडातली बोली काही सुटली नाही. "कल्हय केल्याबगर बाळंतिणीक पाणी देवचा नाय," असं त्या बजावायच्या. पितळेला आतून कथलाचा मुलामा दिला नाही तर त्यात आंबट पदार्थ कळकतात, हिरवट होतात आणि पोटात गेले की उलट्या करवतात, हे त्यांना शाळेत न जाता ठाऊक होतं.

मला ते शाळेत जाऊन ठाऊक होतं. नुसतं जाऊन नव्हे, शिकवून. परळच्या एका मराठी शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ताक पितळेच्या भांड्यात का ठेवू नये, हा माझा नववीच्या पेपरातला हुकमी प्रश्न. आम्लाची धातूवर क्रिया होते असं नीट लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापायचे, आणि वर वर्गात सुनवायचे की तुमच्या आजीला कळतं ते तुम्हाला कळत नाही. एवढ्या शहाण्या बाईनं पुढे काय केलं ते इथे लिहिते आहे. लिहिताना अजूनही कानशिलं तापतात.

आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. चाळीत पाणी सकाळी तासभर यायचं, म्हणून प्रत्येकाच्या मोरीपाशी एक पिंप असायचं. आमचं पितळेचं होतं, कमरेइतकं उंच, वर घट्ट झाकण आणि खाली तोटी. नव्या घरात नळ दिवसभर चालू. पिंपाला काही कामच उरलं नाही. माझे यजमान होते तोवर म्हणायचे, मोडीत दे. मी कधी दिलं नाही. ते गेले, तरी पिंप कपाटाशेजारी उभंच होतं. येणारा-जाणारा त्यावर पर्स ठेवायचा.

निवृत्तीनंतर वेळ खायला उठला. कुणी पूजाअर्चा करतं, कुणी सहलींना जातं. मी गॅलरीत मातीशिवाय भाजी लावायला घेतली. प्लॅस्टिकच्या पाइपांना भोकं पाडायची, त्यांत स्पंजच्या तुकड्यावर रोप बसवायचं, आणि खतं विरघळवलेलं पाणी टबातून मासोळ्यांच्या टाकीच्या पंपानं पाइपांतून फिरवायचं. फिरून ते पुन्हा टबात येतं. मुळं पाण्यात लोंबत राहतात आणि लागेल ते ओढून घेतात. पालक, लाल माठ, शेपू आणि सॅलडचा पाला, एवढं मी घ्यायचे. पहिली पालकाची जुडी खुडली तेव्हा एवढा आनंद झाला की मी ती तीन दिवस शिजवलीच नाही, नुसती फ्रीज उघडून बघत होते.

आणि मग माझा तोरा सुरू झाला. रेल्वेच्या रुळांकडेला जी भाजी पिकते ती गटाराच्या पाण्यावर, तिच्यात नको ते धातू उतरतात, हे मी भेटेल त्याला ऐकवायचे. लालबागच्या मंडईत नेहमीच्या भाजीवालीलाही ऐकवलं. तिनं माझ्याकडे बघून नुसतं "बरं बाई" म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मेथी दिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी फळ्यावर सुविचार म्हणून अनेकदा लिहिली असेल. आपल्याबद्दल लिहितोय असं कधी वाटलं नव्हतं.

माझी एकुलती एक लेक डोंबिवलीला असते. लग्नाला सात वर्षं झाली होती, मधे दोनदा दिवस जाऊन राहिले नव्हते. तिसऱ्यांदा पाचवा महिना सुखरूप पार पडला तेव्हा तिनं फोनवर सांगितलं, "आई, मी सहा सरले की तुझ्याकडेच येते. इकडे ऑफिस, घर, जिने... डॉक्टर म्हणतात रक्त कमी आहे." मी म्हटलं, ये, तुला रोज माझ्या बागेतला पालक खायला घालते, बघ रक्त कसं वाढतं. ती हसली. तिचं हसू मी पुष्कळ दिवसांनी ऐकत होते.

त्याच सुमारास टबानं दगा दिला. उन्हानं तो तडकला होताच, त्यात डासांची तपासणी करणारे पालिकेचे लोक आले आणि उघडं पाणी ठेवू नका म्हणून दटावून गेले. झाकण असलेलं काहीतरी हवं होतं. माझी नजर पिंपावर गेली. झाकण घट्ट, तोटीमुळे पाणी बदलणं सोपं, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी तसंही त्याला कल्हई करायची होतीच. सासूबाईंचं पिंप त्यांच्या नातीच्या कामाला येणार, या कल्पनेनं माझे डोळे भरून आले. तिथेच डोकं बंद पडलं असावं.

कल्हईवाले आता शोधावे लागतात. घोडपदेवच्या एका गल्लीत एक म्हातारे गृहस्थ अजून भट्टी लावतात असं कळलं. टॅक्सीत पिंप घालून घेऊन गेले. त्यांनी तोटी काढली, पिंप भट्टीवर आडवं करून फिरवत फिरवत तापवलं, आत नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. मग त्यांनी एक राखाडी कांडी आत टेकवली आणि कापसाच्या बोळ्यानं सरसर पुसत नेली. पिंपाचं पोट आतून चांदीसारखं लखलखलं. मी सहज विचारलं, "चाचा, कथीलच आहे ना?" ते म्हणाले, "खालिस रांगा अब कौन लगाता है, माई? मिक्स है. चमक बराबर वही देगा."

रांगा म्हणजे कथील, आणि मिक्स म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. कथलात स्वस्त काय मिसळतात? शिसं. डाखकामाच्या, म्हणजे सोल्डरच्या, मिश्रधातूत शिसं आणि कथील असतं, हे मी मिश्रधातूंच्या धड्यात दरवर्षी शिकवलं. ते वाक्य माझ्या कानात शिरलं, पण पुढे सरकलं नाही. पिंप छान चमकत होतं आणि मला घरी जायची घाई होती.

लेक आली तोवर पिंपाचं पाणी पाइपांतून फिरायला लागलं होतं. मुंबईचं पाणी या झाडांना हवं त्यापेक्षा कमी आंबट असतं, म्हणून मी त्यात मोजून लिंबाचं सत्त्व घालायचे, तेच जे आपण ढोकळ्यात घालतो. लिटमसचा कागद बुडवून रंग बघायचे. आंबट पाणी, पितळेचं भांडं. माझ्या पेपरातला प्रश्न माझ्या गॅलरीत रात्रंदिवस सुटत होता आणि मी झाकण लावून ठेवलं होतं.

तीनेक आठवड्यांनी पालकाची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. उपटून बघितलं तर मुळं पांढरी, लांब असायची ती तपकिरी आणि आखूड झाली होती, झिजलेल्या झाडूसारखी. मी निदान केलं, लोह कमी पडतंय. लोहाची दुप्पट मात्रा पाण्यात ओतली. हे खतातलं लोह पाण्यात विरघळून राहावं म्हणून त्याला एक रसायन जोडलेलं असतं. ते रसायन लोहावर थांबत नाही, भांड्याचे इतर धातूही ओढून पाण्यात आणतं, हे मला पुढे कळलं. पानं थोडी सुधारली. मी लेकीला म्हटलं, "बघ, झाडांनाही लोह, तुलाही लोह. दोघांची बाई एकच."

ती रोज खायची. पालकाची डाळभाजी, माठाची कांदा-खोबरं घालून परतलेली भाजी, शेपू मुगाची डाळ घालून. मला म्हणायची, "विकतच्या भाजीला ही चव नाही गं." मी तिला वाढताना जास्तच वाढायचे. स्वतः मात्र थोडीच घ्यायचे, तिला पुरावी म्हणून. सात आठवडे हे असं चाललं.

नवव्या मजल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. आमच्याच चाळीतलं बौद्ध कुटुंब, तिचे वडील आणि माझे यजमान एकाच गिरणीत होते. ती आता अन्न आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे आणि रविवारी विहारात पोरांना गणित शिकवते. लेकीला आठवा लागला म्हणून ती एका संध्याकाळी भेटायला आली. लेक आत झोपली होती. मी मोठ्या हौसेनं तिला गॅलरीत नेलं.

ती पाइपांकडे बघायच्या आधी पिंपाकडे बघत होती. "बाई, हे पाणी ह्याच्यात असतं?"

"कल्हई केलीय की आत्ताच," मी म्हटलं.

तिनं झाकण उचललं, मोबाईलचा उजेड आत धरला. मीही वाकले. पाण्याच्या रेषेखाली चांदी राहिलीच नव्हती. करडे डाग आणि त्यांच्यामधून लालसर पितळ. तिनं झाकण परत ठेवलं. मग हळू म्हणाली, "बाई, तुम्हीच शिकवलंय ना आम्हाला. ताकाचं."

मला त्या क्षणी तिचा राग आला. खोटं कशाला सांगू? नववीतल्या पोरीनं भर वर्गात माझी चूक काढावी तसं वाटलं. मी म्हटलं, "अगं, ताक वेगळं." ती वाद घालत बसली नाही. पिशव्या मागून घेतल्या, एकीत पानं, एकीत मुळं, बाटलीत पाणी. "मी टेस्टला लावते. चार-पाच दिवस लागतील. तोवर खाऊ नका, प्लीज. आणि ताईला सांगा." कल्हई कोणी केली, काय लावलं, हेही तिनं विचारलं. "मिक्स" हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला तेव्हा तिचा चेहरा बदलला. तेव्हा मलाही ऐकू आला तो, पहिल्यांदा.

ताईला सांगा. एवढं एकच काम होतं. मी नाही केलं.

कारणं तयार होती. रिपोर्ट आल्याशिवाय कशाला घाबरवायचं? दोनदा हातचं गेलेलं आहे, आता आठव्यात तिला धक्का कशाला? या कारणांत काही खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. तिच्यासमोर मी आयुष्यभर न चुकणारी आई म्हणून उभी राहिले होते आणि त्या जागेवरून उतरायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी रोपं उपटून काळ्या पिशवीत भरली, पंप बंद केला, पिंप मोरीत रिकामं केलं. लेक उठून आली तर म्हटलं, "कीड लागली मेली. सगळं काढावं लागलं." ती बिचारी माझीच समजूत घालत बसली. आई, परत लाव, मी येईन तुला मदतीला, म्हणाली.

चौथ्या दिवशी मी अळीव आणि डिंक आणायला लालबागला गेले. परत आले तर घरात फोडणीचा वास. लेक ओट्याशी उभी होती, पोटाला आधार देत, चेहरा खुललेला. "आई, फ्रीजमध्ये दह्याच्या मागे डबा होता. चिरलेला माठ. तुझ्या बागेतला शेवटचा! तू एवढी हळहळत होतीस, म्हटलं वाया नको जायला. मी जेवले, भूक आवरेना. तुला ठेवलीय वाटीभर, बघ."

वाटीवर ताटली झाकून ठेवली होती. हातातल्या पिशव्या मी खाली ठेवल्या की पडल्या, आठवत नाही. मी रोपं उपटली, पिंप ओतलं, पण फ्रीजमधला डबा विसरले. आणि तिला सांगितलं असतं तर मी विसरल्यानं काही बिघडलं नसतं. तिनंच तो डबा टाकला असता.

मग सांगितलं. उभ्या उभ्या, सलग, एकदाही न थांबता. पिंप, मिक्स कल्हई, लिंबाचं सत्त्व, पिवळी पानं, तपासणी. ती ऐकत असताना तिचा एक हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

"आज शुक्रवार."

तीही माझ्याच शाळेत शिकलेली, दोन वर्षं माझ्याच वर्गात होती. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "वर्गात तू काय सांगायचीस, आई? प्रयोग बिघडला की?"

"जाऊ दे ना आता."

"नाही, सांग."

मला ते म्हणावं लागलं. "चुकलात तर चालेल, लपवलंत तर चालणार नाही." माझा आवाज इतका बारीक आला की मलाच ओळखू आला नाही. तिनं मान हलवली, वाटीतली भाजी कचऱ्याच्या डब्यात टाकली, वाटी घासली, आणि आत जाऊन नवऱ्याला फोन लावला. दार तिनं लोटून घेतलं. एकाच घरात तिनं माझ्यासाठी दार लोटलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. विद्यार्थिनी स्वतः वर आली, फोनवर सांगितलं नाही. धातूंचं प्रमाण मुळांत सगळ्यात जास्त, पाण्यात होतं, आणि पानांतही. तांबं होतंच, त्यानंच झाडं पिवळी पडली होती. पण तिला काळजी शिशाची होती. "लिमिटच्या वर आहे, बाई. पालकात बरंच वर." लेकीनं तो कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मला वाटतं, ती त्यात एखादी चूक शोधत होती.

परळच्या मोठ्या इस्पितळात तिचं रक्त तपासलं. रक्तात शिसं वाढलेलं निघालं. तिथली डॉक्टर लहानशी, लेकीपेक्षाही लहान, पण बोलणं स्वच्छ. औषध देऊन काढावं इतकं नाही, म्हणाली. कॅल्शियम वाढवा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, ते भांडं बंद. लेकीनं विचारलं, "बाळाला?" डॉक्टर म्हणाली, "नाळेतून जातं." लेकीनं पुढचं विचारलं नाही, म्हणून मी विचारलं. मेंदूवर, लक्षावर, शिकण्यावर परिणाम होऊ शकतो, झालाच पाहिजे असं नाही, आणि आज कुणी सांगू शकणार नाही. "आपण बघत राहायचं," असं ती म्हणाली. घरापर्यंत टॅक्सीत लेक खिडकीकडे, मी दुसऱ्या खिडकीकडे.

त्या दिवसांत मला माझे मागचे बाक आठवायला लागले. लक्ष देत नाही, चंचल, सांगितलेलं ध्यानात राहत नाही. ही वाक्यं मी प्रगतिपुस्तकांवर किती वेळा लिहिली असतील! गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसाची मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या कंपासपेटीत शिशाचे खिळे असायचे, उलट्या अक्षरांचे, आणि तासाला ती ते तोंडात धरून बसायची. मी ते जप्त केले, पण बेशिस्त म्हणून. पालकांना बोलावून सुनावलं की मुलगी ढ नाही, आळशी आहे. आई तिची मान खाली घालून ऐकत होती. त्या मुलीच्या रक्तात काय होतं, हा प्रश्न विज्ञानाच्या बाईला एकदाही पडला नाही. ती आज कुठे आहे, मला माहीत नाही.

पिंपाचं काय करायचं ते विद्यार्थिनीनं सांगितलं, तसंच कुणाला देऊ नका, कुणीतरी पाणी भरेल. मी लोहाराकडून त्याच्या बुडाला चार भोकं पाडून घेतली आणि मग रे रोडच्या भंगारवाल्याकडे पोचवलं. येताना घोडपदेवला उतरले. भांडायचंच होतं. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. बोळा पुसत होते, बोटं काळी पडलेली, मधून मधून खोकत होते. म्हणाले, "माई, मैंने तो बोला था ना आपको. मिक्स है." खरंच बोलले होते. धूर चुकवून बसत जा, असं काहीतरी मी म्हटलं आणि निघाले. भांडण माझं माझ्याशीच होतं, ते घेऊन दुसऱ्याच्या दारात गेले होते.

बाळ पूर्ण दिवसांचं झालं. मुलगी. रडली खणखणीत, वजनही चांगलं. नाळेतलं रक्त तपासायला दिलं होतं, त्यात शिसं होतं. आईपेक्षा कमी, पण होतं. डॉक्टर पुन्हा तेच म्हणाली, बघत राहू.

लेक रिवाजाप्रमाणे सव्वा महिना माझ्याकडे राहिली. जायचं असतं तर ती गेली असती, तिच्या नवऱ्यानं विचारलंही होतं. ती राहिली याचे माझ्यावर उपकार आहेत. पण ताट समोर ठेवलं की ती आधी विचारायची, "हे कशात केलंस?" कुजकेपणानं नव्हे, अगदी साधेपणानं, मीठ मागावं तसं. मी सांगायचे, स्टीलच्या पातेल्यात. मग ती जेवायची. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मी ताट ठेवतानाच सांगायला लागले. एकदा मी चुकून शेपूची भाजी केली, बाळंतिणीला देतातच म्हणून. विकतचा शेपू, लालबागच्या त्याच भाजीवालीकडचा. लेकीनं त्याच्याकडे बघितलं, चार घास खाल्ले आणि म्हणाली, "चांगली झालीय, आई." उरलेली मी संध्याकाळी टाकली.

आता नात दहा महिन्यांची आहे. मध्यंतरी एकदा बोटातून रक्त काढून तपासलं, प्रमाण उतरलंय. रांगते, बसते, दोन दात आलेत, सगळं वेळेवर. ते वेळेवर आहे हे मला नेमकं माहीत असतं, कारण मी दर महिन्याला काय काय यायला हवं ते एका वहीत लिहून ठेवलंय. लेकीला ती वही मी दाखवलेली नाही. हेही एक लपवणंच.

गेल्या आठवड्यात दोघी चार दिवस राहायला आल्या होत्या. दुपारची वेळ, नात हॉलमध्ये सतरंजीवर डब्याचं झाकण उलटंसुलटं करत बसली होती. मी मागून नावानं हाक मारली. तिनं मान वळवली नाही. पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. झाकणातच गुंगलेली. मी टाळी वाजवली. तिसऱ्यांदा हाक मारणार तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, बस कर ना. खेळतेय ती. सारखी काय परीक्षा घेतेस?"

तिचं बरोबर होतं. खेळात रमलेलं मूल हाकेला वळत नाही, एवढं कुणालाही कळतं. मी ओशाळून स्वयंपाकघरात गेले आणि तिच्यासाठी मऊ भात चढवला. पाणी उकळत होतं, हॉलमध्ये शांतता होती. लेकीला वाटलं असावं की इथे काही ऐकू येत नाही.

तिनं नातीला लाडक्या नावानं हळूच हाक मारली. मग थांबून पुन्हा एकदा. मग चुटकी वाजवल्याचा आवाज आला. ही भीती मी तिला दिली होती, पालकाच्या जुडीबरोबर, मायेनं जास्तीची वाढून. मी गॅस बारीक केला आणि हातात झारा घेऊन तशीच उभी राहिले. बाहेर जायचा धीर झाला नाही. मग नातीचं खिदळणं ऐकू आलं, म्हणजे ती वळली असणार. लेक मात्र आणखी एकदा हाक मारून बघत होती.